गुटीच्या डबीतले अतिविष

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडला तर पायरीवर एक आजी, त्यांची सून आणि सुनेच्या मांडीवर चार महिन्यांचे बाळ. बाळाला दोन दिवसांपासून पातळ जुलाब होत होते. मी बाळाला हात लावण्याआधीच सासू-सुनेचे भांडण माझ्या टेबलावर येऊन पडले.

"बघा की हो डॉक्टर, गुटीत अतिविष उगाळू देत नाही ही. माझी चार लेकरं ह्याच्यावरच वाढली."

सून पदवीधर. ती म्हणाली, "अहो, नावातच अती विष आहे. एवढ्याशा जिवाला कोण देईल? आत्या ऐकतच नाहीत."

आजींनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. गुटीची डबी कशी असते ते वाचकांना सांगायला नको. हिरडा, बेहडा, मायफळ, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, काकडशिंगी, खारीक, बदाम आणि कागदाच्या पुडीत गुंडाळलेली बोटाच्या पेराएवढी एक मुळी. हेच ते अतिविष. जुनी मुळी झिजून संपली, म्हणून आजींनी आषाढी वारीला गेल्या असताना पंढरपुरात रस्त्याकडेला जडीबुटी मांडून बसलेल्या एकाकडून ही नवी घेतली होती. अजून सहाणेला लागलेली नव्हती. त्या पुडीवरूनच घरात आठ दिवस वाद चालला होता.

आधी बाळ, मग डबी. बाळाची टाळू किंचित खोल गेलेली, तोंड कोरडे, सकाळपासून लघवी एकदाच. मी त्याच्या आईला तिथेच बसवून अंगावर पाजायला लावले, चमच्याने जलसंजीवनी सुरू केली आणि चिठ्ठी देऊन दोघींना सिव्हिलच्या बालरोग विभागात पाठवले. पुडी मात्र माझ्याकडे ठेवून घेतली. ती का, ते पुढे येईलच.

सुनेची शंका प्रथम घेऊ, कारण ती अनेकांना पडते. अतिविष म्हणजे जहाल विष असा अर्थ नाही. विषाला ओलांडून गेलेली, विषाच्या पलीकडची, असा त्याचा अर्थ जुने टीकाकार लावतात. नाव असे पडण्याचे कारण तिच्या गोतावळ्यात आहे. ज्या कुळात आणि ज्या जातीत बचनागासारखे भयंकर विष जन्मले, त्याच जातीत ही एक मुळी विषारी न होता औषधी निघाली. घराणे बदनाम, पण ही लेक गुणाची. वनस्पतिशास्त्रात दोघींचे आडनाव एकच, अकोनायटम. बचनाग म्हणजे अकोनायटम फेरॉक्स, तर अतिविष म्हणजे अकोनायटम हेटेरोफायलम. हेटेरोफायलम म्हणजे भिन्न पानांची. हिची खालची पाने देठाची आणि वरची खोडाला बिलगलेली असतात. आपल्या लोणच्यातली कलौंजी आणि सह्याद्रीतली मोरवेल यासुद्धा याच मोठ्या कुळातल्या.

संस्कृतात तिला आणखीही नावे आहेत आणि प्रत्येक नाव म्हणजे ओळखीची एक खूण आहे. शुक्लकंदा, म्हणजे आतून पांढरी. भंगुरा, म्हणजे चटकन मोडणारी. घुणवल्लभा, म्हणजे घुण्यांची, कोरकिड्यांची लाडकी. आणि शिशुभैषज्या, म्हणजे लेकरांचे औषध. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात लहान मुलांच्या ताप, खोकला आणि वांतीवर एकटे अतिविष मधातून चाटवायला सांगितले आहे. नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी या चौघांचे बालचतुर्भद्र चूर्ण तर आजही प्रत्येक वैद्याच्या कपाटात असते. तेव्हा आजींची श्रद्धा हवेतली नाही. तिच्यामागे हजारबाराशे वर्षांचा वापर आहे.

सोलापुरात या मुळीला दोन भाषांतून हाका मारतात. मराठी घरात ती अतिविष आणि पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांत अतिवस. आता गंमत पाहा, तेलुगूत नुसते 'वस' म्हणजे वेखंड. एका अक्षराच्या फरकाने दुकानदाराचा हात भलत्या बरणीत जाऊ शकतो. वेखंड हे वेगळेच झाड, पाण्याकाठचे. त्याने जास्त मात्रेत उलट्या होतात. त्यातल्या एका घटकाने प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आपल्याकडे मात्र ते बाळाच्या जिभेला लावतात. असो, वेखंडावर पुन्हा कधीतरी.

ही मुळी येते कुठून, हे दुकानात विचारले तर "वरून येते" असे उत्तर मिळते, आणि ते शब्दशः खरे आहे. आपले सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहर लागली तर. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. अतिविष राहते पश्चिम हिमालयात, साधारण २,५०० ते ४,००० मीटर उंचीवर, काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या ओलसर कुरणांत. हिवाळ्याचे कित्येक महिने ते बर्फाखाली झोपलेले असते. सह्याद्रीत ते नाही. महाबळेश्वरलाही नाही. रोपवाटिकेत कोणी "अतिविषाचे रोप, कुंडीत येते" म्हणून सोलापुरात विकू लागला तर पैसे खिशातच ठेवावेत.

मी कॉलेजात असताना ते चिकटवहीत वाळवून लावलेले पाहिले होते. जिवंत झाड पाहायला केसांना रुपेरी रंग चढावा लागला. एका ऑगस्टमध्ये केदारनाथच्या यात्रेहून परतताना चोपत्याहून तुंगनाथला चढलो. मंदिर सुमारे ३,५०० मीटरवर. वाटभर धुके, बुटात पाणी, आणि पायाखाली गुडघाभर गवत नि फुले. आमच्या वाटाड्याने उतारावरच्या एका झाडाकडे बोट दाखवून सांगितले, "अतीस." कमरेपेक्षा थोडे खालचे एकच सरळ खोड, त्यावर निळसर-हिरवट फुले आणि फुलांवर जांभळ्या शिरा. फुलाचा आकार डोक्यावर टोपडे घातलेल्या बाळासारखा. बाळाच्या औषधाला फूलही टोपड्याचे, असे मनात येऊन मी हसलो. वाटाडी मात्र हसला नाही. त्याच्या लहानपणी हे या वाटेवर जागोजाग दिसे, आता शोधावे लागते, असे तो म्हणाला.

असे का झाले, ते या झाडाच्या संसारात पाहायला मिळते. जमिनीखाली याला दोन कंद असतात, एक आईचा आणि एक मुलीचा. आईचा कंद त्या वर्षीचे खोड, पाने, फुले पोसतो आणि वर्षअखेर सुकून जातो. शेजारी वाढलेला लेकीचा कंद बर्फाखाली थांबतो आणि पुढच्या उन्हाळ्यात नवे खोड वर काढतो. झाड वर्षानुवर्षे टिकते ते असे, एका पिढीने दुसरीला जागा देऊन. खणणारा कुदळ घालतो तेव्हा आई आणि लेक दोन्ही एकदमच वर येतात. त्यातून फुले ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, बी त्यानंतर पिकते. बी पडून मग खणले तर निदान पुढची पिढी मातीत राहील. पण आधी पोहोचेल त्याचा माल, अशी शर्यत असल्यामुळे कितीतरी झाडे बी धरण्याआधीच उपटली जातात. बियांपासून खणण्याजोगा कंद व्हायला तीनचार वर्षे लागतात, आणि वाळल्यावर एका झाडाच्या मुळीचे वजन जेमतेम काही ग्रॅम. म्हणजे एका किलोला शेकडो झाडे. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आय.यू.सी.एन.ने, २०१५ मध्ये अतिविषाची नोंद नष्ट होण्याचा धोका असलेल्या वनस्पतींत केली.

लागवडीचे प्रयत्न होत आहेत. २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने ज्या निवडक वनस्पतींच्या लागवडीला अग्रक्रम दिला, त्यांत अतीस आहे. गढवालमधल्या श्रीनगरच्या विद्यापीठातले उच्च पर्वतीय वनस्पतींचे संशोधन केंद्र त्यावर काम करते, तुंगनाथलाही त्यांचे प्रयोगक्षेत्र आहे. डोंगरातले काही शेतकरी आता शेतात अतीस लावतात. पण मागणी मोठी आणि माल थोडा, हे गणित अजून सुटलेले नाही.

आणि जिथे माल थोडा व भाव किलोला हजारोंच्या घरात, तिथे काय होते हे व्यापारी गावात राहणाऱ्या आपल्याला कोणी शिकवायला नको. मिरीत पपईच्या बिया येतात तशी अतिविषात इतर मुळ्यांची भेसळ होते. दक्षिणेत 'नाट्टू अतिविडयम' या नावाखाली ओढ्याकाठच्या एका अगदी निराळ्या वनस्पतीचे मूळ विकले जाते. कधी नागरमोथ्याच्या गाठी मिसळतात. ही त्यातल्या त्यात बिनविषारी भेसळ म्हणावी लागेल, कारण अतिविष न मिळाल्यास मुस्ता, म्हणजे मोथा, वापरावा अशी सोय भावप्रकाशातच दिलेली आहे. गंमत अशी की हा मोथा म्हणजे आपल्या उसातला लव्हाळाच. ज्याला शिव्या देत आपण खुरपतो, त्याच्या मुळाच्या गाठी. (म्हणून कोणी शेतातून उपटून बाळाला उगाळून देऊ नये. त्याच लव्हाळ्यावर आपण तणनाशक मारलेले असते.) वैद्याने जाणून मोथा वापरणे वेगळे आणि अतिविषाचे पैसे घेऊन मोथा देणे वेगळे, हेही सांगून ठेवतो.

खरी भीती मोथ्याची नाही. खरी भीती त्या बदनाम भावंडांची.

बचनाग त्याच दुकानांत असतो, कारण शोधन करून तो आयुर्वेदातही वापरतात. सर्दीतापावर घरोघरी खाल्ली जाणारी त्रिभुवनकीर्ती बचनागाशिवाय होत नाही. पण त्यासाठी तो गोमूत्रात किंवा दुधात ठराविक रीतीने शुद्ध करावा लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ई-१ अनुसूचीत वत्सनाभाचे, म्हणजे बचनागाचे, नाव विषारी द्रव्य म्हणून आहे, आणि तो असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. त्याशिवाय हिमालयात याच जातीच्या इतरही अनेक वनस्पती आहेत. त्यांतल्या कित्येक विषारी आहेत, आणि त्यांचेही कंद जमिनीतून निघतात तेव्हा थोडेफार सारखेच दिसतात. खणणारा चुकला किंवा त्याने चुकायचे ठरवले, तर पुढे सोलापूरच्या सहाणेपर्यंत कोणी अडवणारा नसतो.

विषारी भावंडांत अकोनायटिन नावाचे द्रव्य असते. आपले मज्जातंतू आणि हृदयाचे स्नायू विजेसारख्या संदेशांवर चालतात. पेशीच्या भिंतीतल्या सोडियमच्या दारांची उघडझाप झाली की हा संदेश पुढे जातो. अकोनायटिन ही दारे उघडीच धरून ठेवते. त्यामुळे आधी ओठ आणि जीभ चुणचुणते, मग बधिर होते, हातपाय मुंग्या येऊन जड होतात, उलट्या होतात, घाम फुटतो, आणि हृदयाचे ठोके इतके विस्कळीत होतात की माणूस दगावू शकतो. हे काही मिनिटांत सुरू होते किंवा तासा-दोन तासांत. यावर उतारा म्हणून एखादे ठराविक औषध नाही. रुग्णालयात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळत विष उतरण्याची वाट पाहावी लागते. मोठा माणूस निदान "जीभ बधिर झाली" असे सांगेल. चार महिन्यांचे बाळ काय सांगणार?

अतिविषात अकोनायटिनऐवजी मुख्यतः अटिसिन असते. ते त्या मानाने सौम्य आहे. अतिविषाने उंदरांमध्ये जुलाब कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. उंदरांवरचा प्रयोग म्हणजे तान्ह्या बाळाची मात्रा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे.

आता त्या पुडीकडे येऊ. द्रव्यगुण शिकवणारे माझे एक जुने गुरुजी आहेत, निवृत्त झाले तरी मुळ्या ओळखण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. पुडी घेऊन संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी शेल्फातली त्यांची जुनी बरणी काढून खरे अतिविष माझ्या हातावर ठेवले, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठेवावे तसे. बाहेरून राखाडी, टोकाकडे निमुळती, दीडदोन इंचांच्या आतली मुळी. बोटांनी दाबताच कट् करून मोडली. आत पिठासारखा पांढरा भाग आणि त्याच्या मध्याकडे पिवळसर-तपकिरी ठिपक्यांचे वर्तुळ. हे ठिपके चार ते सात असतात. मग आजींची मुळी घेतली. ती बोटांनी मोडेना. अडकित्त्याने फोडली. आत पांढरा मागमूस नव्हता. गडद तपकिरी, शिंगासारखे चकचकीत आणि टणक.

गुरुजी बराच वेळ भिंगातून पाहत राहिले आणि म्हणाले, "हे शुक्लकंदा नव्हे. बचनागाच्या जातीतले दिसते. नेमके कोणते ते नुसत्या डोळ्यांनी सांगणार नाही. पण सहाणेला लावू नका."

मी विचारले, एखादी सोपी खूण वाचकांना सांगता येईल का? त्यांनी मान हलवली. खूण आहे, चवीची. अतिविष नुसते कडू लागते, बचनाग जिभेला चुणचुण आणि बधिरपणा आणतो. पण ही परीक्षा जाणत्याने, कणभर द्रव्यावर, लगेच थुंकून करायची असते. घरी कोणीही, अगदी कोणीही करून पाहू नये. कीड लागलेली असेल तर मुळी खरी, कारण ती घुणवल्लभा, असाही एक समज आहे. त्याचा भरवसा धरू नये. शिवाय किडलेली, भुसा झालेली मुळी बाळाला द्यायची तरी कशी? आणि एकदा पूड झाली की पाहण्यासारखे काही उरतच नाही. सगळ्या पुडी सारख्याच.

तेव्हा माझे मत आता स्पष्ट लिहितो. माझ्या व्यवसायातले काही स्नेही त्यावर रागावतील, पण इलाज नाही.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे, जीवनसत्त्वाचे थेंब आणि गरज पडल्यास जलसंजीवनी एवढाच अपवाद. जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून पूर्ण सहा महिन्यांचा आग्रह धरते आहे आणि आपल्या सरकारी दवाखान्यांतही हेच सांगतात. आजी म्हणतात आमची लेकरे वाढली. खरे आहे, वाढली. पण त्या काळी आळीत किती पाळणे रिकामे झाले तेही त्यांनाच आठवते. दोष एकट्या गुटीला देत नाही, पण तिची सहाण कशी असते पाहा. देवघराच्या कोपऱ्यात उघडी, आदल्या दिवशीचा लगदा तसाच वाळलेला, माश्या बसलेल्या. मुळ्या एकदा उगाळल्या की ओल्याच डबीत जातात आणि पावसाळ्यात त्यांवर बुरशी धरते. मग त्याच बोंडल्याने बाळाच्या पोटात. जुलाबावर म्हणून दिलेल्या गुटीनेच जुलाब सुरू झाल्याची उदाहरणे मी दर पावसाळ्यात पाहतो.

मात्रेचेही तसेच. एक वेढा, दोन वेढे असे माप आपण सांगतो. पण नव्या खरखरीत सहाणेचा एक वेढा आणि झिजून गुळगुळीत झालेल्या सहाणेचा एक वेढा सारखा कसा होईल? आजीचा हात हलका, मावशीचा जड. काकडशिंगीचा वेढा थोडा इकडे तिकडे झाला तर फारसे बिघडत नाही. पण मुळीची जात जर चुकली असेल तर प्रत्येक वेढा मोजून घ्यावा लागेल.

आणि मध. ग्रंथात मध सांगितला आहे हे मला ठाऊक आहे, मीच वर लिहिले आहे. पण मधात कधी कधी बोट्युलिझम नावाच्या रोगाच्या जंतूंची बीजे असतात. मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळे पडते. वाग्भटाच्या काळी हे कोणाला दिसणे शक्य नव्हते, आज दिसले आहे. एक वर्षाच्या आत मधाचे बोटही नको.

सहा महिन्यांनंतर, किंवा मोठ्या मुलाला, वैद्याने पाहून अतिविष सुचवले तर जरूर द्यावे. मीही देतो. अपचनाचे जुलाब, दातांच्या दिवसांतली कुरकुर, ताप येऊन गेल्यावर मेलेली भूक, यांत चांगला गुण येतो. परंतु ते नाव असलेल्या औषधशाळेचे तयार औषध असावे. वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि घटकांची नावे असावीत, आणि मात्रा मुलाचे वजन पाहून वैद्याने लिहून दिलेली असावी. सुटी मुळी घ्यायचीच असेल तर ओळखीच्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून, पावतीवर नाव लिहून घेऊन, आणि वापरण्याआधी एखाद्या वैद्याला मोडून दाखवून. यात्रेत, बसस्थानकावर, गड्ड्यावर चादर अंथरून बसलेल्याकडून मात्र नको. सगळेच फसवतात असे नाही. पण तुम्ही परत जाल तेव्हा तो तिथे नसतो, एवढी गोष्ट पुरेशी आहे. चारधामला जाणाऱ्या आपल्या मंडळींनाही हेच सांगणे आहे. तिथून गंगाजल आणा, रुद्राक्ष आणा, "असली अतीस" आणू नका. ती खरी असली तर एका उताराचे नुकसान, खोटी असली तर तुमच्या नातवाचे.

जुलाब लागलेल्या बाळाला काय करावे? दूध चालू ठेवावे, उलट जास्त वेळा पाजावे. जलसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून चमच्याचमच्याने द्यावे. अर्धे पाकीट अर्ध्या पाण्यात असला अंदाज नको, आणि केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. टाळू किंवा डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, शौचात रक्त आहे किंवा उलट्या थांबत नाहीत, तर घरचे काहीही न करता रुग्णालय गाठावे. कोणतीही मुळी खाल्ल्यावर कोणाचेही ओठ-जीभ बधिर झाली किंवा उलट्या, घाम, धडधड सुरू झाली, तर उलटी काढण्याच्या खटपटीत पडू नये, १०८ ला फोन करावा आणि उरलेली मुळी पुडीसकट बरोबर न्यावी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

ते बाळ तिसऱ्या दिवशी सिव्हिलमधून घरी आले. आठवड्याने सून त्याला घेऊन वजन करायला आली, दीडशे ग्रॅम भरले होते. बरोबर आजीही होत्या. मुळीचे सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग मी आता त्याला काय करू? गुटी नाही तर आजी कशाला?"

मी म्हटले, तेल लावा, न्हाऊ घाला, मांडीवर घेऊन झोपवा. आणि त्याची आई त्याला पाजायला बसेल तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्या, कारण त्या दिवशी मी विचारले तेव्हा सकाळपासून तिने घोटभर चहाखेरीज काही घेतले नव्हते.

सुनेने मान खाली घातली. आजी तिच्याकडे वळून म्हणाल्या, "आता डबी मोकळी झालीच आहे. डिंकाचे लाडू ठेवते त्यात तुझ्यासाठी."